बाटली उजेडात धरून बघितली का?

स्कॅनच्या आधी शिरेतून जाणारं ते पाण्यासारखं औषध. त्यात एखादा तंतू असेल, काचेची कपची असेल, रबराचा तुकडा असेल, तर? कंपनीनं बघायला हवं, सरकारनं बघायला हवं, सगळं खरं. पण सुई टोचण्याआधी शेवटचं कोण बघतं?

मे महिना. जळगावात पारा ४४ च्या वर. आजोबांचं पोट महिनाभर दुखतंय. डॉक्टरांनी सीटी स्कॅन लिहून दिलाय आणि घरातलं शिकलेलं माणूस म्हणून सोबत तुम्हाला धाडलंय. चोपड्याहून एसटीनं निघालात, घामाघूम होऊन सेंटरला पोहोचलात. खिडकीतून आवाज येतो, "कॉन्ट्रास्टचा स्कॅन आहे. फॉर्म वाचा, सही करा."

कुठे हे औषध सेंटरच देतं. कुठे चिठ्ठी हातात ठेवून समोरच्या मेडिकलवर पिटाळतात. तुम्ही जाता, पैसे देता, बाटली पिशवीत टाकून उन्हातून परत येता. बाटलीवर काय बघितलंत? किंमत. फार तर एक्सपायरी. आणि बाटलीच्या आत?

नाही ना बघितलं? वाईट वाटून घेऊ नका. बहुतेक कुणी बघत नाही. भाजीवाल्याकडे वांगं उलटंपालटं करून, कीड आहे का बघून घेणारे आपण. भरताचं वांगं निवडायला दहा मिनिटं लावतो. आणि थेट रक्तात जाणारी बाटली मात्र न बघता पुढे करतो. या बघण्याबद्दलच आज बोलू या. घाबरवायला नाही, कारण ही औषधं चांगलीच सुरक्षित आहेत. पण ती सुरक्षित कशी राहतात आणि त्यात तुमचा वाटा कुठे येतो, हे कळलेलं बरं.

साडेतीन तोळे आयोडीन

आधी हे कॉन्ट्रास्ट म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे कुणी त्याला 'डाय' म्हणतं, कुणी 'रंगाचं इंजेक्शन'. रंग वगैरे त्यात काही नसतो. बाटलीत दिसतं ते स्वच्छ, पाण्याहून थोडं दाट द्रव.

एक्स-रेमध्ये हाड पांढरं दिसतं, कारण हाडातलं कॅल्शियम किरणांना अडवतं. पण लिव्हर, आतडी, रक्तवाहिन्या सगळ्या मऊ. फोटोत एकमेकांत मिसळून जातात. मग किरण अडवणारं काहीतरी जड रक्तात सोडायचं, म्हणजे रक्त जिथे जिथे जाईल तो भाग उठून दिसेल. सीटी स्कॅनसाठी आणि हृदयाच्या अँजिओग्राफीसाठी हे काम आयोडीन करतं. एमआरआयचं तंत्र वेगळं, तिथे गॅडोलिनियम नावाचा धातू वापरतात, तोही रेणूच्या पिंजऱ्यात बंद करून.

बाटलीवर औषधाच्या नावापुढे ३०० किंवा ३५० असा आकडा असतो. दर मिलीलिटरला तितके मिलिग्रॅम आयोडीन, असा त्याचा अर्थ. म्हणजे ३५० ची १०० मिलीची बाटली असेल तर आत ३५ ग्रॅम आयोडीन. सराफ बाजाराच्या भाषेत साडेतीन तोळे! शरीराला दिवसाला लागतं साधारण १५० मायक्रोग्रॅम. हिशोब केला तर एका बाटलीत सहाशे वर्षांहून जास्त पुरेल इतकं. अर्थात हे आयोडीन मोठ्या रेणूला घट्ट बांधलेलं असतं, शरीर ते वापरत नाही. किडनी धड असेल तर बहुतेक सगळं एका दिवसात लघवीवाटे बाहेर पडतं.

आता विचार करा. तापाचं इंजेक्शन एक-दोन मिलीचं. इथे मात्र ८० ते १०० मिली द्रव, तेही मशीनच्या पंपानं, सेकंदाला तीन-चार मिलीच्या वेगानं शिरेत जातं. अर्ध्या मिनिटात काम संपतं. त्यात काही आलंच, तर 'थांबा जरा' म्हणायलाही वेळ नसतो. जे काही बघायचं ते आधीच.

खडूची भुकटी आणि एक जुनी चूक

राँटगेननं एक्स-रे शोधला तो नोव्हेंबर १८९५ मध्ये. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल या दोघांनी एका मृतदेहाच्या हाताच्या रक्तवाहिन्यांत खडूचं मिश्रण भरलं आणि फोटो काढला. नसांचं जाळं झकास दिसलं. पण तो हात मेलेल्या माणसाचा होता. जिवंत माणसात खडूचे कण भरले असते तर तो वाचला नसता. म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रश्न हाच होता: जड पदार्थ हवा, पण कण नको. तो रक्तात पूर्ण विरघळला पाहिजे.

हा धडा शिकायला जगाला वेळ लागला. १९३० च्या आसपास 'थोरोट्रास्ट' नावाचं औषध आलं. थोरियम या किरणोत्सारी धातूच्या ऑक्साइडचे अतिबारीक कण द्रवात तरंगत ठेवलेले. फोटो इतके सुरेख यायचे की जगभर वापर झाला. पण ते कण शरीराबाहेर पडेचनात. लिव्हरमध्ये, प्लीहेत जन्मभरासाठी मुक्कामी राहिले आणि तिथूनच किरण सोडत राहिले. वीस-तीस वर्षांनी अनेकांना लिव्हरचा कॅन्सर झाला. १९५० च्या दशकात वापर थांबला, पण तोवर टोचलेल्यांचं काय करणार?

आजची औषधं तशी नाहीत. ती खरोखर विरघळलेली असतात. म्हणूनच बाटलीत कण दिसला, तर तो औषधाचा भाग नाही हे गृहीत धरायचं. तो पाहुणा आहे, न बोलावलेला.

कण केवढा, जातो कुठे?

इथे थोडी मोजमापं. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. नुसत्या डोळ्यांना साधारण ५० मायक्रॉनच्या पुढचं काहीतरी दिसू लागतं, तेही उजेड चांगला असेल आणि नजर तिथेच असेल तर. रक्तातली लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची. आणि फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक केशवाहिन्या जवळपास तेवढ्याच रुंद. लाल पेशी मऊ, ती अंग चोरून निघून जाते. काचेची कपची अंग चोरत नाही.

हातातल्या शिरेत टोचलेलं औषध आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जातं, तिथून फुप्फुसात. म्हणजे फुप्फुस ही पहिली चाळणी. बारीकसारीक कण तिथे अडकतात. एखाद-दुसऱ्यानं धडधाकट माणसाला काही जाणवणारही नाही, पण आधीच फुप्फुस थकलेलं असेल, पेशंट लहान बाळ असेल, किंवा कण पुष्कळ असतील, तर गोष्ट वेगळी. अडकलेल्या जागी सूज येते, गाठी बनतात, रक्ताची गुठळी धरू शकते.

अँजिओग्राफीत तर ही चाळणीही नसते. तिथे नळी थेट हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी नेऊन औषध सोडतात. मेंदूच्या अँजिओग्राफीत मेंदूच्या धमनीत. तिथे कण गेला तर तो सरळ हृदयाच्या स्नायूत किंवा मेंदूत पोहोचतो. म्हणून इमेजिंगच्या औषधांत कणाची बाब इतकी गंभीर.

मग कायदा म्हणतो की एकही कण नको? गंमत अशी की शून्य कण असलेलं इंजेक्शन जगात कुणीही बनवू शकत नाही. जगातल्या मोठ्या औषधकोशांनी मिळून मर्यादा ठरवल्यात. ५० मिलीच्या बाटलीचं उदाहरण घ्या. उपकरणानं मोजल्यावर १० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण पूर्ण बाटलीत ६,००० हून जास्त नकोत, आणि २५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे ६०० हून जास्त नकोत. हे झाले डोळ्यांना न दिसणारे. डोळ्यांना दिसणारे कण मात्र बाटलीत नसावेतच, हा नियम.

कण येतो कुठून?

खान्देशातल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. हंगामात जिनिंगच्या बाजूनं कधी गेलात? आत काम करणाऱ्यांच्या केसांवर, भुवयांवर कापसाची रुई बसलेली असते. हवा स्वच्छ दिसते, पण दारातून उन्हाची तिरीप आत आली की कळतं, हवेत किती काय तरंगतंय. औषध कंपनीतला सगळ्यात जुना शत्रू हाच: कपड्यांचा तंतू, कातडीचा कोंडा, केस. म्हणजे माणूसच.

म्हणून इंजेक्शन भरतात त्या खोलीत कामगार डोळ्यांपर्यंत झाकलेला असतो. बाटली उघडी असते त्या जागी, एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ३,५२० च्या वर गेले की मर्यादा मोडली. साध्या खोलीच्या हवेत हाच आकडा कोटींच्या घरात जाऊ शकतो. औषध ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात, बाटल्या धुऊन भट्टीत तापवतात, आणि कॉन्ट्रास्टसारखी औषधं भरून बूच लावल्यावरही पुन्हा १२१ अंशांवर वाफेत निर्जंतुक करतात.

एवढं करूनही वाटा उरतातच. काचेचा दर्जा खालचा असला तर बाटलीच्या आतून काचेचे पातळ पापुद्रे सुटतात. बुचाच्या रबराचे कण निघतात. मशीनचा धातू धातूवर घासतो. कधी औषधाचेच स्फटिक होतात. मेंदूची सूज उतरवायला देतात त्या मॅनिटॉलच्या बाटलीत थंडीत स्फटिक धरतात, हे वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरना विचारा. धुळ्याला डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की ही बाटली हमखास उजेडात धरून बघावी लागते.

आणि काही कण तर पेशंटच्या शेजारीच तयार होतात. बुचात जाड सुई सरळ खुपसली की रबराचा बारीक गोल तुकडा कापला जाऊन आत पडतो. काचेची अँप्युल फोडताना काचेचा चुरा आत जातो. नर्सिंगला किंवा रेडिओलॉजी टेक्निशियनच्या कोर्सला असलेल्या मित्रमैत्रिणींनो, सुई थोडी तिरकी घालायला शिकवतात ते उगाच नाही. अँप्युलमधून औषध ओढायला गाळणी असलेली सुई मिळते, तीही उगाच नाही.

पाच सेकंदांची नोकरी

कंपनीत एक खोली असते. तिथे एका बाजूला काळा पडदा, दुसऱ्या बाजूला पांढरा, वर प्रखर पांढरा दिवा. समोर माणूस बसलेला. एक बाटली उचलायची, हलकेच फिरवायची, पाच सेकंद पांढऱ्यासमोर, पाच सेकंद काळ्यासमोर. बाजूला ठेवायची. दुसरी उचलायची. काळा कण पांढऱ्यावर दिसतो, पांढरा तंतू काळ्यावर. या लोकांचे डोळे ठरलेल्या मुदतीनं तपासतात, मधे मधे सक्तीची विश्रांती देतात, कारण थकलेले डोळे सगळं ठीकच बघतात. मोठ्या कारखान्यांत आता कॅमेरे हे काम करतात, पण माणूस अजून गेलेला नाही.

जळगावच्या फार्मसी कॉलेजांतून, शिरपूरच्या आर. सी. पटेल इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडून वाळूज, अंबड, अंकलेश्वर, वापीच्या कंपन्यांत क्वालिटीला लागलेली कितीतरी पोरंपोरी तुमच्या ओळखीत असतील. 'काय काम करतो रे?' विचारलं तर 'काही नाही, क्यूएला आहे,' म्हणतात आणि विषय बदलतात. पुढच्या वेळी बदलू देऊ नका. नीट विचारा. माल अडवायचा की सोडायचा, हे त्यांच्या सहीवर ठरतं, आणि माल अडवणारा माणूस कुठल्याच कंपनीत लाडका नसतो.

ते अडवणं राहून गेलं तर काय होतं? २०१२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका औषध बनवणाऱ्या फर्मचं पाठीच्या कण्यात द्यायचं स्टिरॉइड बुरशीनं दूषित निघालं. ७५० हून जास्त लोक आजारी पडले, ६० हून जास्त दगावले. तपासणी अधिकाऱ्यांनी तिथल्या एका लॉटच्या ३२१ व्हायल बघितल्या. ८३ मध्ये हिरवट-काळसर काहीतरी नुसत्या डोळ्यांना दिसत होतं! उपकरण नको, प्रयोगशाळा नको. उजेडात धरायची, बस्स.

आणि अडवलं तर? ऑगस्ट २०२१, जपान. कोरोनाची लस द्यायची घाई सगळ्या जगाला. तिथल्या लसीकरण केंद्रांवर काही न वापरलेल्या व्हायलमध्ये कण दिसले. केंद्रावरच्या माणसांनी ते कळवलं. सरकारनं १६ लाखांहून जास्त डोसचा वापर थांबवला. शोध घेतला तर कण स्टेनलेस स्टीलचे निघाले. स्पेनमधल्या कारखान्यात बूच लावणाऱ्या मशीनचे दोन भाग चुकीचे बसवल्यामुळे एकमेकांवर घासत होते. कारखान्यातल्या सगळ्या तपासण्यांतून सुटलेली गोष्ट टोचणाऱ्याच्या डोळ्यांनी पकडली.

बाटली क्रमांक ५३-एन

आता एक आपल्या मुंबईची गोष्ट. जुनी आहे, पण ऐकाच.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि मग सगळ्या इलाख्यात पसरला. खान्देशातली गावं ओस पडली, लोक शेतात झोपड्या बांधून राहिले. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञानं मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्रयोगशाळा उभी राहिली. तिथून बाटल्या भरून देशभर जात.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना काही दिवसांनी धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस मेले. बाकीचे ठणठणीत. नोंदवही बघितली तेव्हा कळलं, एकोणीस जणांची लस एकाच बाटलीतली होती. तिचा क्रमांक ५३-एन.

चौकशी आयोग बसला. त्यानं दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिनना पदावरून दूर केलं. ज्या माणसानं लाखोंना वाचवलं, तो माणूस परदेशात बसून आपली बाजू मांडत राहिला.

मग कागद पुन्हा वाचले गेले. त्यातून दोन बारीक गोष्टी वर आल्या. एक, बाटली उघडली तेव्हा डॉक्टरांनी वास घेतला होता आणि वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू महिनाभर बाटलीत वाढले असते, तर उघडताच घाण सुटली असती. दोन, बूच काढायचा चिमटा गावात मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. धूळ. खेड्यातल्या जमिनीवरची साधी धूळ, आणि तिच्यात धनुर्वाताचे बीजाणू. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला. ते भारतात परतले. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. तीच आजची हाफकिन संस्था.

आता बघा, काय नसतं तर हे कळलंच नसतं? बाटलीचा क्रमांक. कुणाला कुठली बाटली दिली, ही एक ओळ कुणीतरी वहीत लिहिली होती. ती नसती तर '१०७ मधले १९ मेले, लस विषारी आहे' एवढंच उरलं असतं आणि प्लेगच्या काळात लोकांनी लस घ्यायचं सोडलं असतं.

डोळ्यांना न दिसणारं

मुलकोवालची बाटली उजेडात धरली असती तर काही दिसलं असतं का? नाही. बीजाणू एखाद-दोन मायक्रॉनचा. म्हणून हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं: स्वच्छ दिसणारी बाटली चांगलीच असेल असं नाही.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसेरॉल दिलेले १४ पेशंट दगावले. त्या ग्लिसेरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे किडनी निकामी करणारं विष मिसळलेलं होतं. ते पूर्ण विरघळतं. रंग नाही, कण नाही. कितीही डोळे फाडून बघितलं असतं तरी कळलं नसतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उकलली, तेव्हा दिसलं की प्रत्येक टप्प्यावर 'मागच्यानं बघितलंच असेल' असं धरून माल पुढे गेला होता.

म्हणजे कामाची वाटणी अशी. न दिसणारं पकडायला प्रयोगशाळा, पद्धत आणि नोंद. दिसणारं पकडायला डोळे. एकाचं काम दुसरं करू शकत नाही. केंद्राची औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला प्रमाणाला न उतरलेल्या औषधांची यादी जाहीर करते. कधी चाळून बघा. इंजेक्शनच्या नावापुढे 'पार्टिक्युलेट मॅटर', म्हणजे कण, हे कारण अधूनमधून दिसतं. ही यादी बनते कशी? औषध निरीक्षक नमुने उचलतात म्हणून, आणि कुणीतरी कुठेतरी तक्रार करतं म्हणून.

मग आपण काय करायचं?

पुढच्या वेळी घरच्या कुणासोबत स्कॅनला किंवा अँजिओग्राफीला गेलात, तर हे करा.

१. बाटली स्वतः आणली असेल तर ती खोक्यातच ठेवा, उन्हापासून लांब. या औषधांना प्रखर उजेड आणि उष्णता चालत नाही. मे महिन्यात गाडीच्या डिकीत टाकून पानटपरीवर थांबू नका.

२. सील न उघडता बाटली उजेडाकडे धरा. जोरात हलवू नका, फेस होतो. हलकेच उलटी-सुलटी करा. मागे मोबाइलची पांढरी स्क्रीन धरा, काळा कण असेल तर दिसेल. मग मागे काळी ओढणी किंवा काळं कव्हर धरा, पांढरा तंतू किंवा काच चमकेल. द्रव दाट आहे, कण सावकाश फिरतो. घाई करू नका. वर जातो तो बुडबुडा. खाली बसतो किंवा तरंगत राहतो तो कण.

३. बाटली सेंटरची असेल तर हात लावायची गरज नाही. "ताई, बाटली एकदा बघून घ्याल का? आणि बॅच नंबर रिपोर्टवर लिहाल का?" एवढं विचारा. चांगल्या टेक्निशियनला याचा राग येत नाही. औषध पंपाच्या पारदर्शक सिरिंजमध्ये ओढल्यावर तेही पुन्हा बघतात, कारण कणाइतकीच हवाही तिथे नको असते.

४. एका पेशंटसाठी असलेल्या बाटलीतलं उरलेलं औषध दुसऱ्याला देत नाहीत. सील तुमच्यासमोर उघडलं जातंय ना, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

५. काही दिसलंच तर बाटली फेकू नका, उघडू नका. खोक्यासकट बाजूला ठेवा. फोटो काढा. औषधाचं नाव, बॅच नंबर, उत्पादन आणि एक्सपायरीची तारीख, कुठून घेतली, बिल, सगळं जपा. डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला सांगा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५. औषधामुळे त्रास झाला असेल तर राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाची हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. तिथे डॉक्टरच नाही, पेशंट आणि नातेवाईकही कळवू शकतात.

एक इशारा. सगळंच गढूळ औषध वाईट नसतं. काही इन्सुलिन ढगाळच असतात. भुलीचं एक औषध दुधासारखं पांढरं असतं. सोनोग्राफीच्या खास तपासणीत सूक्ष्म बुडबुड्यांचं दुधट कॉन्ट्रास्ट देतात. ते बुडबुडे लाल पेशीहूनही लहान, म्हणून केशवाहिन्यांतून आरामात जातात. तेव्हा शंका आली की आधी विचारायचं. व्हिडीओ बनवून 'बनावट औषध' म्हणून ग्रुपवर टाकायची घाई नको. हाफकिनना त्या घाईनं काय भोगावं लागलं ते आत्ताच वाचलंत.

आणि भीतीपोटी स्कॅन टाळायचा नाही. आजच्या आयोडीनच्या औषधांवर जपानमध्ये दीड लाखाहून जास्त पेशंटचा मोठा अभ्यास झाला, १९९० मध्ये छापून आला. गंभीर रिअॅक्शनचं प्रमाण निघालं ०.०४ टक्के, म्हणजे दहा हजारांत चार. आजोबांच्या पोटात काय आहे हे वेळेत न कळण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. अॅलर्जी, किडनीचा आजार, डायबिटीसच्या गोळ्या, हे सगळं फॉर्मवर खरं खरं लिहा आणि बिनधास्त आत पाठवा. औषध जाताना अंगात गरम लाट येईल, लघवी झाल्यासारखं वाटेल. ते नेहमीचं आहे, आजोबांना आधीच सांगून ठेवा.

तर आता पुन्हा त्या सेंटरच्या बाकावर या. बाहेर ऊन तसंच. तुम्ही बाटली हातात धरलीय, मागे मोबाइलची पांढरी स्क्रीन. शेजारचा पेशंटचा भाऊ वाकून बघतो. "काय भो, काय बघून राहिला त्यात?"

"काही नाही. कण आहे का बघतोय."

तो क्षणभर तुमच्याकडे बघतो. मग स्वतःच्या पिशवीत हात घालतो आणि आपली बाटली बाहेर काढून उजेडाकडे धरतो.